हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन रानात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या आणि त्याच्या पूर्वेकडच्या रानासाठी आहे. म्हणजे मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, जावळी हा पट्टा. कोकणातल्या वाचकांनाही बरीचशी उपयोगी पडेल. विदर्भात राहत असाल तर तुमच्याकडे वाघ आहे. तिथे कुत्र्याला जंगलात नेण्याचा विचारच नको, गावाकडच्या शेतातून फिरवा. उत्तरांमध्ये मध्येच जी ठमी डोकावते, ती आमची गावठी कुत्री. आता म्हातारी झाली आहे, पण पट्टा खुंटीवरून काढल्याचा आवाज तिला अजून तिसऱ्या खोलीत ऐकू येतो.

हिवाळाच का?

पावसाळ्यात जळवा आणि चिखल, उन्हाळ्यात पाय भाजणारा कातळ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम सुटत नाही. धापा टाकूनच त्याला अंग निववावं लागतं, आणि दमट हवेत किंवा कडक उन्हात तेवढ्याने भागत नाही. दिवाळी उलटली की हवा कोरडी होते, ओढ्यांना अजून पाणी असतं आणि दुपारी बारालाही झाडाखाली गारवा असतो. हा काळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकतो. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम धरतो. नुकत्याच जळून गेलेल्या उतारावर वरची राख थंड दिसली तरी खाली निखारे असतात, म्हणून तिकडे कुत्र्याला नेऊ नका.

कुठल्या जंगलात कुत्रं नेता येतं?

आधी कुठे नेता येत नाही ते पाहू. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प यांत पाळीव कुत्रं नाही म्हणजे नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर, कोयना आणि चांदोली (ही शेवटची दोन 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत) हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो ताम्हिणीला. रस्ता सार्वजनिक, दोन्ही बाजूंना हॉटेलं, गाड्या थांबलेल्या, त्यामुळे हे अभयारण्य आहे असं कुणाला वाटतच नाही. 2013 पासून त्या घाटातल्या जंगलाचा मोठा भाग अभयारण्य आहे. गाडी थांबवून कुत्र्याला सहज झाडीत सोडायची ती जागा नव्हे.

मग उरतं काय? बरंच उरतं. गावाच्या मालकीचं रान, खाजगी जमिनीवरची झाडी, धरणांच्या कडेची जंगलं, शहरालगतच्या टेकड्या. राखीव वनातल्या काही वाटा लोकांच्या रोजच्या वहिवाटीच्या असतात, पण तिथेही आधी वनरक्षकाला विचारलेलं बरं. टेकड्यांवर फाटकाशी लावलेला फलक वाचा, कारण नियम जागेगणिक वेगळे असतात आणि बदलतातही. देवराई असेल तर गावात विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. काही देवरायांत चप्पलसुद्धा चालत नाही, मग कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

माझ्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्या आहेत, तो कुणाला त्रास देत नाही. तरी अभयारण्यात बंदी का?

वन्यप्राण्यांना कुत्र्यांकडून आजार जातात. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत 1994 मध्ये डिस्टेंपरने (कुत्र्यांमधला एक विषाणूजन्य आजार) तिथल्या सिंहांपैकी जवळपास एक तृतीयांश मेले, आणि तो विषाणू आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांमधून आला होता. 2018 मध्ये गीरमध्ये थोड्याच दिवसांत 23 सिंह दगावले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. तुमच्या कुत्र्याला लस असेल, पण फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाची लसपुस्तिका तपासत बसू शकत नाही. शिवाय कुत्र्याचा नुसता वासही भेकराला, सांबराला हाकलून लावायला पुरेसा असतो. तो वास तुम्ही घरी आल्यावरही तिथे मागे राहतो.

आत गेल्यावर पट्टा सोडला तर चालेल ना?

नाही. या पानावर सगळ्यांत जास्त वाद याच उत्तरावर होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही, प्राण्याला पिटाळणं आणि मागे लागणंही तीत येतं. तुमचा कुत्रा सशाच्या किंवा मोराच्या मागे सुटला तर ‘तो खेळत होता’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरी गोष्ट कुत्र्याच्या जिवाची. सशाच्या आणि रानडुकराच्या वाटांवर फासे लावलेले असतात. बहुतेकदा गाडीच्या क्लचची किंवा ब्रेकची तार, झुडपाच्या बुंध्याला बांधलेली, जमिनीपासून वीतभर वर. धावणाऱ्या कुत्र्याला ती दिसत नाही, आणि तो जितका ओढतो तितकी ती आवळत जाते. पट्ट्यावर असेल तर तुम्ही दोन पावलांत पोचता. गावठी बॉम्ब त्याहून वाईट. डुकरांसाठी कणकेत किंवा चरबीत स्फोटक भरून वाटेवर ठेवतात, कुत्र्याने दातात धरलं की जबडाच जातो. वाटेवर पडलेलं काहीही तोंडात घेऊ न देणं हे रानात जायच्या आधी घरी शिकवायचं. त्याला ‘सोड’ शब्द पक्का येत नसेल तर अजून थोडे दिवस सोसायटीतच फिरवा. शेताच्या बांधावरून जाताना कुंपणाच्या तारांपासूनही लांब राहा, काही जण डुकरं येऊ नयेत म्हणून त्यांत चोरून वीज सोडतात.

पण पट्टा म्हणजे हातभर दोरी असं समजू नका. पाच मीटरचा साधा सुती किंवा नायलॉनचा पट्टा घ्या, गळ्याऐवजी छातीच्या हार्नेसला लावा. बटण दाबून आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा रानात नको, त्याची बारीक दोरी करवंदीच्या जाळीत अडकली की सोडवता सोडवता तुमचेच हात फाटतात.

बिबट्याचं काय?

बिबट्या आहे, हे धरूनच चालायचं. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा एकट्या पाळीव नि भटक्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे बिबट्याला माणसात फारसा रस नसतो, तुमच्या हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो.

यावरचा उपाय घड्याळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण डोंगराच्या कुशीत ऊन उतरायला आठ-साडेआठ होतात. ऊन जमिनीवर पडल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि मावळायच्या बराच आधी, साडेचारपर्यंत, गाडीशी परत. पहाटेचं धुकं फोटोत सुंदर दिसतं, कुत्र्यासोबत मात्र ते टाळा. वाटेत बोलत चला. कुत्रा तुमच्या मागे रेंगाळू देऊ नका, पुढे किंवा शेजारी ठेवा. तो एकाएकी थबकला, अंगावरचे केस ताठ झाले आणि पुढे यायला तयार होईना, तर त्याला ओढू नका, त्याचं ऐका आणि आल्या वाटेने मागे फिरा. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. पट्टा आखडून घ्या, छोटं कुत्रं उचलून छातीशी धरा, मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरका. वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक 1926 आहे.

थंडीसाठी स्वेटर घालायचा का?

गावठी कुत्र्याला, लॅब्राडोरला, जर्मन शेफर्डला आपल्याकडच्या थंडीत चालताना काही लागत नाही. स्वेटर काट्यांत अडकतो आणि त्याच्या आत कुसळं जमतात. अगदी आखूड केसांचं, सडपातळ कारवान कुत्रं असेल, पिल्लू असेल किंवा म्हातारं असेल तर गाडीत बसेपर्यंत गोधडीचा तुकडा पांघरा. हस्की आणि सेंट बर्नार्डवाल्यांनो, तुमच्या कुत्र्याला आपली थंडी हीच काय ती सुटी आहे. मजेत जा.

कुसळांचं एवढं काय घेऊन बसलात?

कारण हिवाळी फेरीनंतर कुत्रं दवाखान्यात जाण्याचं मोठं कारण तेच असतं, साप आणि बिबट्या मागाहून येतात.

पावसाळ्यात हिरवंगार, निरुपद्रवी दिसणारं कुसळी गवत दिवाळीनंतर पिकतं. त्याचं एक दाणं तळहातावर घेऊन बघा. खाली टाचणीसारखं टोक, टोकावर मागे वळलेले सोनेरी केस, आणि वर लांब, पिळलेली काळपट शेपटी. त्याच्यावर एक थेंब पाणी टाका. शेपटी उलगडत गोल फिरू लागते आणि टोक तळहातात घुसायला बघतं. जमिनीत स्वतःला पेरून घ्यायची ही त्याची युक्ती. दवात भिजलेल्या, नंतर उन्हात वाळलेल्या कुत्र्याच्या केसांतही ते तसंच फिरतं. मागे वळलेल्या केसांमुळे त्याला परतीचा रस्ता नसतो, फक्त आत जाता येतं.

फेरी संपली की, गाडीत बसवायच्या आधी, प्रत्येक पायाची बोटं फाकवून बघा. बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, कानाची आतली घडी, पापण्या, शेपटीखाली. चावत, चाटत एकाच बोटाकडे परत परत जात असेल आणि तिथे लालसर फुगवटा दिसत असेल तर कुसळ आत गेलं आहे. डोकं एका बाजूला कलतं करून कान झटकत असेल तर कानात. चालता चालता अचानक शिंकांचा सपाटा लागला, नाकातून रक्ताचा थेंब आला, तर नाकात. अर्धवट बाहेर दिसणारं चिमट्याने काढा. न दिसणारं उकरून काढायला जाऊ नका, कानात तेल ओतू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आठवडाभर थांबलात तर ते कुठे पोचेल याचा नेम नाही.

ज्यांच्या कुत्र्याला लांब केस आहेत त्यांनी नोव्हेंबरात पायांच्या बोटांमधले आणि कानाखालचे केस कापून घ्यावेत. आघाडा आणि गोखरूही चिकटतात, पण ते वरवर असतात, कंगव्याने निघतात.

थंडीत गोचीड नसतात ना?

असतात. थंडीत उलट त्यांची पिल्लं जास्त सापडतात, मोहरीहूनही लहान, म्हणून नजरेतून सुटतात. गुरांच्या पायवाटा, ओढ्याकाठची दाट झुडपं, गुरं बसायच्या सावल्या इथे त्यांची गर्दी. महिन्याची चघळायची गोळी किंवा औषधी पट्टा डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. घरी मांजर असेल तर ते आवर्जून सांगा, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असतं.

चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ, संथ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही नको. त्रास दिला की तो तोंडातलं सगळं कुत्र्याच्या रक्तात ओकतो. नखावर चिरडायची सवय असेल तर सोडा, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

फेरीनंतर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. खाण्यावरची इच्छा उडाली, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, लघवी गडद चहासारखी झाली, नाकातून रक्त आलं तर गोचीडताप धरूनच डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, तेव्हा 101 बघून घाबरू नका. रक्ततपासणी सांगितली तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका.

सिंधुदुर्गातल्या, विशेषतः दोडामार्ग-बांदा भागातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना. तिथे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमधून माणसाला होतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. रानात माकड मरून पडलेलं दिसलं तर कुत्र्याला त्याच्या जवळपासही फिरकू देऊ नका आणि आरोग्य केंद्राला किंवा वन विभागाला लगेच कळवा.

थंडीत साप झोपलेले असतात असं ऐकलं आहे.

आपल्याकडे झोपत नाहीत. घोणशीचा तर हा मिलनाचा काळ, आणि सकाळी उन्हं खायला ती पालापाचोळ्यात वेटोळं करून बसते. पाचोळ्याच्या रंगात ती इतकी मिसळते की आपल्याला आधी ऐकू येते, कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फूत्कार. माणूस तो ऐकून मागे सरतो. कुत्रा नाक पुढे करतो. म्हणून दंश बहुतेक थोबाडावर किंवा पुढच्या पायावर. फुरसं लहान असतं, दगडाखाली दडतं, तेव्हा कुत्र्याला दगड उकरू देऊ नका.

चावल्यावर आवळपट्टी, चिरा, चोखणं, हळद, मिरची सगळं विसरा. हार्नेस आणि गळपट्टा काढा, कारण सूज चढते. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत न्या. वाटेतून फोन करून प्रतिविष कुठे आहे ते विचारा. माणसांसाठी बनणारं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं प्रतिविषच कुत्र्यालाही देतात, पण ते प्रत्येक प्राण्यांच्या दवाखान्यात नसतं. ही चौकशी निघायच्या आदल्या दिवशी केलेली चांगली. साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

तोंड घासतोय, वेड्यासारखा लोळतोय. काय झालं असेल?

शेजारी सोनेरी-तपकिरी, मखमली शेंगांचा वेल लोंबतोय का बघा. असेल तर खाजकुयली. हात न लावता चिकटपट्टी केसांवर दाबून उचला, मग न चोळता गार पाणी ओता. आधी स्वतः हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घाला, नाहीतर दोघेही लोळाल. डोळ्यांत गेली असेल तर डॉक्टर.

दर दहा पावलांवर थांबून वास घेत बसतो. फेरी कधी पूर्ण होणार?

पूर्ण करायची घाई कशाला? किती किलोमीटर झाले हा हिशेब तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचा, कुत्र्याला त्यातलं काही नको असतं. त्याला वाचायचं असतं. थंड सकाळी वास जमिनीलगत धरून राहतात, ऊन चढलं की वर उठून विरतात. म्हणून पहिला तासभर तो जास्त रेंगाळतो, आणि त्या तासात त्याला ओढत नेणं म्हणजे हातातलं वर्तमानपत्र हिसकावून घेण्यासारखं आहे.

ठमी एका खडकाशी नेहमी थांबते. त्यावर उदमांजराची विष्ठा असते, जांभळाच्या नाहीतर उंबराच्या बियांनी भरलेली. ती आधी लांबून हवा हुंगते, मग नाक खडकाच्या अर्ध्या बोटावर आणून छोटे छोटे श्वास घेते. नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून सोडलेल्या श्वासाने खालची धूळ बारीक उडते. मग जीभ एकदा लागते आणि दात थडथड वाजतात. ते थंडीने नव्हे. टाळूच्या वर वासाचं आणखी एक इंद्रिय असतं, चव-वास तिथवर पोचवायची ती खटपट. एवढं झाल्यावर ती आपणहून पुढे निघते. मी तोवर वर बघत उभा राहतो. जानेवारीत पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, मैना आणि कोतवालांची तिथे झुंबड असते. काटेसावरीची खाली पडलेली जाड फुलं भेकरं खातात, तेव्हा झाडाखालची माती कुत्र्याला का सोडवत नाही हे उघड आहे.

अर्ध्या किलोमीटरला तास लागला तरी घरी येऊन कुत्रं गाढ झोपतं. डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळवलेलं कुत्रं घरी येऊन पायपुसणं फाडतं. तुमचं तुम्हीच बघा काय परवडतं.

धनगरांची कुत्री अंगावर आली तर?

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरते तळ, घाट उतरून कोकणाकडे जायला निघतात, त्यामुळे हिवाळ्यात गाठ पडणारच. त्यांची कुत्री कळप राखतात, ते त्यांचं काम आहे. मेंढ्या दिसल्या की लांबच थांबा, पट्टा आखडा आणि ‘मामा, कुत्री धरा!’ अशी हाक द्या. कळप जाऊ द्या किंवा वाट सोडून वरून वळसा घ्या. मधून घुसू नका, दगड उचलू नका. वाडीतल्या कुत्र्यांचंही तेच, घरातल्या मावशींनी एक आवाज टाकला की ती गप्प बसतात. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी डॉक्टरांना सांगा, आणि तुम्हाला चावलं असेल तर तुमची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू करा.

ओढ्याचं पाणी प्यायला दिलं तर चालतं?

वाहतं असेल तर एखादा घोट चालतो. डबक्यातलं नको, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो. घरचं पाणी न्या, मध्यम कुत्र्याला अर्ध्या दिवसासाठी लिटरभर तरी. निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका. भाकरीचा कोरडा तुकडा आणि उकडलेलं अंडं वाटेत पुरतं. तुमच्या डब्यातला कांदा, मनुका आणि चॉकलेट त्याला नाही. गुंजेच्या लालभडक बिया या दिवसांत शेंगेतून उघड्या पडतात, त्या विषारी असतात. पोरं हार करायला गोळा करतात, कुत्रं चावतं.

रानातसुद्धा शी उचलायची?

हो. ‘वाघाची कोण उचलतं?’ हा विनोद ऐकून झाला आहे.

कुत्रं म्हातारं झालं आहे. न्यावं का?

न्या, पण वाट बदला. चढ नको, खडकाळ उतार तर नकोच, गुडघे-खुबे उतरताना जास्त दुखतात. थंडीत सांधे आखडतात, म्हणून उन्हात दहा मिनिटं उभं राहू द्या, मग चाला. जेवढं लांब जाल तेवढंच परत यायचं आहे आणि ते तुम्हाला सांगणार नाही. त्याला तुमच्याबरोबर असायचं असतं, त्यामुळे दुखत असलं तरी शेपटी हलवत येतं. शेपटीवर जाऊ नका, मागच्या पायांकडे बघा. नखं जमिनीला घासू लागली की परत फिरा. मोठ्या कुत्र्यासाठी गाडीत एक जाड चादर ठेवा, दोघांनी चार टोकं धरली की पाळणा होतो.

हरवलं तर?

गळपट्ट्यावर फोन नंबर शिवलेला हवा, लोंबता बिल्ला झाडीत तुटून पडतो. कुत्रं सुटून गेलं तर त्याच जागी थांबा आणि हाका मारा, पण मागे पळत सुटू नका. बहुतेक कुत्री स्वतःच्या वासावरून माग काढत परत येतात, आणि तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं. अंधार पडायला आला तर अंगातला सदरा तिथे ठेवा, जवळच्या वाडीत जाऊन सांगा, गुराख्यांना फोटो दाखवा. गुराख्यांइतकी रानातली खबर कुणाला नसते. सकाळी उजाडल्याबरोबर आधी त्या सदऱ्यापाशी जा.

आम्ही पाच-सहा जण आपापली कुत्री घेऊन एकत्र जायचं म्हणतोय.

दोन ठीक. सहा कुत्री म्हणजे टोळी होते. एक भुंकलं की सगळी भुंकतात, गावातल्या शेळ्या उधळतात, आणि पुढच्या वेळी वाडीतले लोक तुम्हाला वाटेवरूनच परत पाठवतात. पाठवलं तर वाद घालू नका.